उकळलेलं विरजण

मानवजातीचा सगळा इतिहास हा विश्वासघाताचा इतिहास आहे. साम्राज्यं तलवारीनं पडत नाहीत, आतल्या माणसानं दार उघडल्यानं पडतात. किल्ले फितुरीनं जातात, गाद्या भावाभावांत जातात, आणि ज्याच्या खांद्यावर मान टाकावी त्याच्याच हातात सुरी निघते. हे सगळं इतक्या गांभीर्यानं सांगायचं कारण म्हणजे, वैशाखातल्या एका मंगळवारी सुरतेच्या डिंडोलीत आमच्या घरी दही वेगळं लागलं.

हसू नका. ज्यांच्या घरी दही डेरीच्या थैलीतून येतं त्यांना यातलं दुःख कळायचं नाही, आणि थैली कोणाच्या घरी येत नाही ते आता सांगवत नाही.

आमच्या रंभाबाई लग्न होऊन सुरतेला आल्या त्या भुसावळ पॅसेंजरनं. बरोबर एक ट्रंक, एक वळकटी, आणि मांडीवर कल्हई केलेला पितळी गडू, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. मला वाटलं गंगाजल असेल. नंदुरबार मागे पडल्यावर धीर करून विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आईचं विरजण आहे. हलवू नका." नव्या नवरीनं नवऱ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

तेव्हापासून ते विरजण आमच्याकडे नांदत होतं. चाळ सुटली, रो-हाऊस झालं, तापी एकदा घरं बुडवून गेली, पांडेसऱ्यातल्या कापड गिरणीत मी ज्या फोल्डिंग खात्यात होतो ते खातंच बंद पडलं आणि मी आपोआप निवृत्त झालो. विरजण चालू. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्या. घराणं म्हणावं असं आमच्याकडे तेवढंच.

गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की रंभाबाई वाटीभर विरजण घेऊन त्यांच्या दारात उभी. पुढे त्या घरी गेलं की हमखास ऐकू यायचं, "वहिनी, तुमचंच दही हो अजून!" मग ती परत येताना रस्त्यानं सासुरवाशिणींच्या आईसारखी चालायची. अख्ख्या गल्लीचं दही म्हणजे तिच्या आईची लेकरं, असा तिचा हिशेब होता आणि तो कोणी कधी तपासला नव्हता.

समोरच्या घरात सरलाबाई. दारासमोर दार. दोघी एकाच नळावर भांडून मैत्रिणी झालेल्या. भांडण मिटलं, नळ गेला, मैत्री राहिली. एकीच्या घरी फोडणी पडली की दुसरीला शिंक यायची.

आता आमचे चिरंजीव. किरण रसायनशास्त्र शिकला आणि पांडेसऱ्यातच एका कारखान्यात लागला. कापडाला, प्लास्टिकला, जे समोर येईल त्याला लेप द्यायचा, हा तिथला धंदा. एका रविवारी तो राखाडी रंगाचा, निळ्या झाकणाचा डबा घेऊन आला आणि आईच्या हातात दिला.

"आई, हा मी बनवलाय. नॅनो सिल्व्हर."

"काय सिल्व्हर?"

"चांदी गं. चांदीचे कण. इतके बारीक की एका केसाच्या जाडीत हजारो मावतील."

"मग चमकत का नाहीत?"

"चमकायला नाही घातलेत, जंतू मारायला घातलेत." आणि किरणनं ताटावरून हात काढून आम्हाला समजावायला घेतलं. "हे बघा बाबा. जंतूच्या अंगावर ऋण भार असतो. आम्ही कणाला धन भाराचं आवरण देतो. म्हणजे काय, कण आपोआप जंतूकडे ओढला जातो आणि जाऊन बिलगतो."

"जंतू बिलगू देतो?"

"त्याला कळतच नाही ना. बिलगला की त्याच्या पापुद्र्याला भोकं पडतात. कणातून चांदीचे आयन सुटतात, आत शिरतात, त्याचा श्वास कोंडतो. आतलं सगळं बाहेर. संपला."

"आधी गळाभेट, मग गळा," मी म्हटलं. "आमच्या युनियनची निवडणूक अशीच व्हायची."

रंभाबाईनं या व्याख्यानातला एकच शब्द घेतला. चांदी. तिनं डबा पदरानं पुसला, हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवला. चांदीची वस्तू उष्ट्याखरकट्याला कशी वापरणार? पण रिकामी तरी कशी ठेवणार?

वैशाखात अमळनेरला तिच्या भाच्याचं लग्न निघालं. त्या उन्हात विरजण गाडीनं न्यायची सोय नाही, आणि मागे ठेवावं तर रोज दूध पाजायला कोणीतरी हवं. किरण तर दुधाला विरजण लावतात की झाकण, एवढंही न कळणारा. साहजिकच सरलाबाई. जाताना रंभाबाईनं आईचं विरजण सन्मानानं नव्या डब्यात काढलं. देवाला चांदीचं ताम्हन असतं, मग आईच्या विरजणाला चांदीचा डबा का नको?

"रोज लाव गं. एक दिवससुद्धा उपाशी ठेवू नकोस."

"माझ्या नातवंडांपेक्षा जपते," सरलाबाई म्हणाल्या. "तू जा, मांडवात मिरव."

लग्न झालं. आम्ही मंगळवारी सकाळी परतलो, तर ओट्यावर तोच डबा, काठोकाठ दही भरून. मी प्रवासातून आलेला माणूस. दोन वाट्या खाल्ल्या आणि मोकळ्या मनानं म्हणालो, "वा! आज दही काय लागलंय! सुरीनं कापावं असं."

या वाक्याची किंमत पुढे मोजली, पण ते असो.

रंभाबाईनं बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तशीच उभी राहिली. आमच्या घरात आता मराठी, हिंदी, गुजराती यांची खिचडीच शिजते. अहिराणी ती रागासाठी राखून ठेवते.

"हाई दही मनं नही शे."

"अगं, डबा तर तुझाच..."

"डबा माझा आहे. दही थैलीचं आहे. आईचं दही बोटाला तार धरतं, त्याचा आंबटपणा मागून येतो. हे बघा, नुसतं गोडमिट्ट. तुम्हाला कळलं नाही?"

मी विषय अमळनेरच्या वऱ्हाडाकडे वळवायचा प्रयत्न केला. ती तोवर रस्ता ओलांडून गेली होती.

"सरला, माझं दही कुठंय?"

"दिलं की डब्यात," सरलाबाई कोथिंबीर निवडत होत्या. मान वर नाही.

"ते थैलीचं आहे."

कोथिंबीर निवडणं थांबलं. मग सरलाबाईंनी तेच केलं जे सापडलेला माणूस करतो. त्या चवताळल्या.

"बोलूच का मग? तू मला उकळलेलं विरजण दिलंस!"

इथं जरा थांबायला हवं. आमच्या गल्लीत बाईला वाटेल ते बोललेलं एकवेळ पचतं, पण हे नाही. काही बायका म्हणे विरजण देण्याआधी चोरून गरम करतात. दिल्यासारखं दिसतं, पण लागत नाही, आणि शेजारणीचं दही कधी आपल्या दह्याच्या बरोबरीला येत नाही. अशी बाई कोणी पाहिलेली नाही. मात्र प्रत्येकीच्या ओळखीत एक असते.

"मी? उकळलेलं? तुला?"

"हो, मला! पहिल्या दिवशी लावलं, दूध जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशी तेच. म्हटलं बघा, दारात गोड बोलते आणि विरजण मेलेलं देते. तरी तुझी अब्रू झाकायला मी दुकानातून थैली आणली. कोणाला बोलले नाही! आणि तू माझ्याच दारात येऊन..."

"तुझ्या बाळंतपणात सव्वा महिना मी तुला न्हाऊ घातलं, सरला."

"मग त्याचं आता उकळलेलं विरजण देतात का?"

रंभाबाई घरी आली. रडली नाही. एक रिकामी वाटी घेतली आणि पुन्हा बाहेर पडली. मला तिचा विचार कळला. गल्लीभर आईची लेकरं पसरलीत, एका घरचं गेलं तर दुसऱ्या घरून आणू. यात बिघडायचं काय?

धुडकू मिस्त्रीच्या घरी त्याची बायको अनुसया म्हणाली, "बसा ना वहिनी, चहा टाकते." चहा झाला. वाटी मांडीवरच. शेवटी अनुसया जमिनीकडे बघत म्हणाली, "वहिनी, ते कोरोनाच्या आधीच गेलं हो. मला सांगायला लाज वाटली."

पलीकडच्या घरात प्रज्ञा, नवी सून, सरळ स्वभावाची. "काकू, ते सासूबाईंच्या वेळचं. मी थैलीच आणते. चालतं ना? सगळेच आणतात."

कोपऱ्यावरच्या घरानं तर कमालच केली. तिथली बाई म्हणाली, "बरं झालं आलात, मी तुमच्याकडेच मागायला येणार होते." आणि तिनंही वाटी पुढे केली.

ती परतली तेव्हा मी दारातच होतो. तिनं वाटी घासली, पुसली आणि फळीवर पालथी घातली.

"अख्खी गल्ली, अहो," ती म्हणाली. "तुमचंच दही, तुमचंच दही, म्हणून मला ताक पाजत होते सगळे. आणि मी कौतुकानं पीत होते. थैलीचं."

"अमळनेरहून मागवू. तुझ्या भावाकडून..."

"लग्नात काय खाल्लंत तुम्ही? डेरीच्या बादल्या होत्या मांडवामागे. वहिनी म्हणाली, आता कोण लावत बसतं."

 

संध्याकाळी किरण कामावरून आला. आईचं तोंड पाहिलं, ओट्यावरचा डबा पाहिला, आणि बूट न काढताच आत आला.

"आई, तू विरजण कशात घालून दिलं होतंस?"

"तुझ्या चांदीच्या डब्यात."

"अगं आई! त्यात जंतू मरतात!"

"मरू देत. दह्यात कुठले जंतू? दह्यात दही असतं."

"दही म्हणजेच जंतू!"

समोरच्या घरात फोडणी तडतडली.

"तू माझ्या आईच्या विरजणाला जंतू म्हणालास?"

"चांगले जंतू गं. उपकारक जंतू."

"मग तुझ्या कणांना चांगले-वाईट ओळखू येत नाहीत?"

"नाही. ऋण भार दिसला की बिलगायचं, एवढंच त्यांना येतं."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं की! जंतू मारतो म्हणालो."

"जंतू म्हणालास. विरजण म्हणाला नाहीस."

पोराच्या चेहऱ्यावर दुःख होतं. खोटं कशाला सांगू, पण त्या दुःखामागे जराशी ऐटही होती. आजीचं विरजण मेलं हे वाईटच, पण मेलं म्हणजे डबा चालतो! दोन वर्षं तो डीलरांसमोर उभा राहून हेच शपथेवर सांगत होता.

बातमी रस्ता ओलांडायला कितीसा वेळ? सरलाबाई पदर खोचून दारात. "ऐकलंत का हो! मारलं पोरानं आणि नाव माझं! आता काय म्हणायचंय रंभाबाईंना?"

रंभाबाईंना काही म्हणायची सोयच उरली नव्हती. डबा खरा असेल तर पोरगा हुशार, आणि आजीच्या विरजणाचा मारेकरी. डबा खोटा असेल तर मैत्रीण मारेकरी, आणि पोरगा थापाड्या. एकाला सोडवायचं तर दुसऱ्याला फाशी, आणि दोन्ही माणसं घरचीच.

"प्रयोग करू," किरण म्हणाला. शास्त्र शिकलेल्या माणसाला घरात भांडण झालं की प्रयोग सुचतो.

रविवारी सकाळी सगळ्या गल्लीदेखत आमच्या ओट्यावर एकाच तपेलीतलं कोमट दूध दोन भागांत घातलं. अर्धं स्टीलच्या भांड्यात, अर्धं डब्यात. दोन्हींत त्याच थैलीतलं चमचा चमचा दही. वैशाखातली सुरत, संध्याकाळपर्यंत दही लागायला कोणाची आडकाठी नव्हती. मजा अशी की किरण आणि सरलाबाई त्या दिवशी एका पक्षात होते. डब्यातलं लागू नये, अशी दोघांची प्रार्थना. सरलाबाईंनी किरणला दुपारी कैरीचं पन्हंसुद्धा पाजलं.

दिवस कलता कलता झाकणं उघडली. स्टीलमधलं लागलं होतं. डब्यातलंही लागलं होतं. किरणनं डबा तिरपा केला, आणखी तिरपा केला. हललं नाही. पोराच्या शोधावर विरजण पडलं होतं, आणि तेही घट्ट.

"एक मिनिट," किरण म्हणाला. "हे होऊ शकतं. दुधातली प्रथिनं कणांना गुंडाळून टाकतात. मग कण जंतूपर्यंत पोचतच नाही. हे खरं आहे, शास्त्रात आहे."

"म्हणजे दुधात हा डबा चालत नाही?" धुडकू मिस्त्रीनं विचारलं.

"कमी चालतो."

"डाळीत?"

"डाळीतही प्रथिनं असतात."

"मग कशात चालतो?"

"स्वच्छ पाण्यात उत्तम. आमच्या सगळ्या चाचण्या पाण्यातच केल्यात."

"म्हणजे डबा रिकामा ठेवला की एक नंबर!" धुडकू म्हणाला आणि गल्ली हसली.

किरण हसला नाही. तो स्टीलच्या भांड्याकडे बघत होता. "पण थोडा तरी फरक पडायला हवा होता," तो स्वतःशीच म्हणाला. "थोडा तरी उशीर. हे तर जुळ्यांसारखं लागलंय." त्यानं दह्याचं बोट शर्टाला पुसलं आणि कारखान्यातल्या प्रयोगशाळेतल्या निशाला फोन लावला. हात बरबटलेले, म्हणून स्पीकरवर.

"निशा, आपल्या डब्यांच्या लेपात चांदी किती जातेय सध्या?"

"किरणभाई, तुम्हाला कोणी बोललं नाही? राकेशशेठनी चांदी दिवाळीपासूनच बंद केली. आता नुसता राखाडी रंग टाकतात. शेठ म्हणाले, किरणला सांगू नका, तो मनाला लावून घेतो."

"आणि डीलरांच्या मीटिंगला मला पाठवत होते ते?"

"शेठ म्हणतात, तुम्ही बोलता ते खरं वाटतं. कारण तुम्हाला ते खरं वाटतं ना."

किरणनं फोन बंद केला आणि ओट्याच्या कडेला बसला. त्याच्याकडे बघून मला ते गळाभेटीचं आठवलं. शेठ दर दिवाळीला त्याला मिठी मारून पेढ्यांचा पुडा द्यायचा.

आई मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. डब्यात चांदीच नव्हती तर डब्यानं काही मारलंच नव्हतं. सगळ्या गल्लीचं डोकं हळूहळू एका दिशेला वळलं.

"असं काय बघता माझ्याकडे?" सरलाबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "दूध गरम होतं गं जरा."

"किती गरम?"

"उकळी आली, उतरवलं आणि घातलं."

"उकळत्या दुधात? माझ्या आईचं विरजण?"

"मला काय ठाऊक! किती वर्षांत दही लावलंय मी? सुना थैली आणतात. हात विसरला. आठवायला गेले तर दूध उतरवल्याचं तेवढं आठवलं, निवू दिल्याचं नाही."

"फोन करायचास. मी काय परदेशी गेले होते?"

"काय तोंडानं करू? तू दिलेलं विरजण मी कधीच घालवलं होतं. तू विचारायचीस, आहे ना गं माझं दही? मी हो म्हणायचे. मग तुझ्याकडून ताक मागून न्यायचे, त्यातलं लावायचे. तेही घालवायचे. शेवटी थैली." त्यांनी पदर तोंडाला लावला. "आणि यावेळी तू सगळंच माझ्या हातात ठेवून गेलीस."

उकळलेलं विरजण देणारी बाई गल्लीत कोणी पाहिली नव्हती. विरजण उकळणारी मात्र आता सगळ्यांनी पाहिली. अनुसयेनं नजर वळवली. प्रज्ञा पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडू लागली. त्या दोघींना हसायचा अधिकार नव्हता आणि हे त्यांना माहीत होतं.

रंभाबाई उठून उभी राहिली. इतकी वर्षं संसार केला, पण मी तिला भाषण करताना पाहिलं नव्हतं.

"शेठनं पोराला फसवलं," ती म्हणाली. "पोरानं मला रंग दिला, चांदी म्हणून. गल्लीनं थैली दिली, माझ्या आईचं दही म्हणून. तू, सरला, तू मारलंस, आणि उलट मलाच म्हणालीस उकळलेलं. आणि हे," तिनं माझ्याकडे न बघता हात केला, "हे दोन वाट्या खाऊन वा म्हणाले." मी खांबाआड सरकलो. "आईची एकच गोष्ट होती माझ्याजवळ. फोटोसुद्धा नाही तिचा. आजपासून या घरात दही लागणार नाही. थैली येणार नाही. आणि सरला, तुझ्या दाराचं आणि माझ्या दाराचं..."

वाक्य तिथंच राहिलं. बहुतेक पुढचा शब्द तिला सापडला, पण उच्चारवेना. आकाश फिकट होत चाललं होतं. एकदोन घरांत देवासमोर काड्यापेटी शोधायची खुडबुड सुरू झाली होती.

सरलाबाई हळूच पुढे आल्या, पायरीखाली थांबल्या.

"रंभे, एक बोलू?"

"बोल."

"ते डब्यातलं दही वाटीभर देतेस का? घरी कढीला काही नाही. दिवे लागले की दूध-दही, काही पांढरं दाराबाहेर द्यायचं नाही हा तुझा नेम, म्हणून म्हटलं आत्ताच मागून घेते."